ट्रकाचा नंबर

सोयरूचा ट्रक सावर्ड्याला फणसाखाली उभा आहे,
नऊ वर्षं.
हौदात पाणी साचतं, पाण्यात बेडूक.
मागच्या फळीवरच्या 'पुन्हा भेटूया'मधलं
'भेटूया' तेवढं उरलंय.
चवथीला तो आधी ट्रकाला हार घालतो,
मग माटोळी बांधायला घरात येतो.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते,
म्हणून भावाला समजावणं माझ्याकडे आलं.
कागद घेतला, तारखा मांडल्या:
पहिल्या सभेत विश्वंभरबाब म्हणाले, शंभर दिवसांत खाण सुरू.
दुसऱ्या सभेत, दिवाळीनंतर.
तिसऱ्या सभेत खाणीचं नावच नव्हतं,
बाहेरून आलेल्यांचं होतं,
त्यांच्या भाड्याच्या खोल्यांचं, त्यांच्या पोरांचं.
(सोयरूने तेव्हा टाळ्या वाजवल्या.
घरी येऊन मागच्या खोलीतल्या बसवराजच्या पोरीला
तापाचं औषध आणून दिलं.
दोन्ही मी पाहिलंय.)

सोयरूने कागद वाचला.
चष्मा पुसून पुन्हा वाचला.
म्हणाला, "अक्षर तुझं बाबांसारखंच गो."

मग एका रात्री, मी काही विचारलं नसताना,
निवडलेले तांदूळ बोटाने इकडून तिकडे करत म्हणाला:
सोसायटीवाले नोटीस दाराला चिकटवून गेले त्या आठवड्यात
तिंट्यावर सभा होती.
मी कडेला. सोड्याच्या गाड्याआड.
बाब माईक सोडून खाली उतरले, गर्दीतून सरळ माझ्याकडे आले,
खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"चव्वेचाळीस एकाहत्तर. निळी केबिन.
कापशेंच्या धक्क्यावर पहिली खेप तुझी असायची."

"एवढंच?"
"एवढंच."
कंपनीला मी टोकन होतो, सोसायटीला थकबाकी.
आणि तू परवा फोनवर कुणाला तरी
'हे लोक' म्हणालीस.

मी म्हटलं, अरे, यादी असते त्यांच्याकडे.
कानात सांगणारा माणूस असतो.
"ठाऊक आहे.
यादी कायतानने केली.
नंबर मीच दिला होता त्याला."
थोडं थांबून,
"पण नऊ वर्षांत दुसऱ्या कुणी मागितला होता?"

निवडणूक लागली की पक्षाचा पोरगा
बॅटरी आणि दोन कॅन डिझेल घेऊन येतो.
बेडूक उडतात. हौद धुतला जातो.
इंजिन खोकतं, थांबतं, पुन्हा खोकतं,
आणि मग ते धरतं.
वहिनी हात पदराला पुसत अंगणात येते.
समोरची आनास्तासिया, जी एरवी बघतसुद्धा नाही,
खिडकी उघडते.
आठ दिवस सोयरू स्टिअरिंगमागे ताठ,
दाढी गुळगुळीत, मागे हौदात पोरं, झेंडे,
प्रत्येक झेंड्यावर कुदळ,
जी कुठेच मारलेली नाही.
लोक हाक मारतात, "सोयरूबाब!"
रस्त्याकडेची जुनी तांबडी धूळ उडते,
पापण्यांवर बसते,
आणि मला, कागदवालीला,
तो आवाज ऐकून पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं.
बाबांची दुपारची खेप परत यायची तो आवाज.

नवव्या दिवशी बॅटरी काढून नेतात.
झाकण नीट बसवण्याचे कष्ट घेत नाहीत.
सोयरू बसवतो.
"फसवलं ना पुन्हा?" मी विचारते.
तो स्क्रू शोधत असतो गवतात.
"त्याला खोटा म्हटलं," तो म्हणतो,
"तर ही नऊ वर्षं मी कुणाच्या नावावर मांडू?
तुझ्या?"

गेल्या शनिवारी कुडचड्याला दुकानात गेले.
ट्रकाच्या बॅटरीची किंमत विचारली, पहिल्यांदाच.
माझ्या अर्ध्या पगाराहून कमी.
दुकानदार म्हणाला, "घालू टेंपोत?"
म्हटलं, आधी भावाला विचारते.

अजून विचारलेलं नाही.
कागदावर मात्र
चौथ्या सभेची तारीख चढवली आहे.